झाडीत बुडालेले स्की उतार: न्यू इंग्लंडमधले बंद पडलेले स्की एरिया कसे शोधावेत, कसे पाहावेत

अमेरिकेच्या ईशान्येला, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या राज्यांत मिळून 600 हून अधिक स्की एरिया बंद पडलेले आहेत. त्यातले काही म्हणजे शेतकऱ्याच्या कुरणात दोन-तीन हिवाळे फिरलेला एक दोर. काही मात्र चेअरलिफ्ट, लॉज, रात्रीचे दिवे असा सगळा पसारा घेऊन पन्नास-पन्नास वर्षं चाललेले. जेरेमी डेव्हिस या हवामानतज्ज्ञाने 1998 मध्ये त्यांच्या नोंदी एकत्र करायला घेतल्या आणि त्यातून 'न्यू इंग्लंड लॉस्ट स्की एरियाज प्रोजेक्ट' उभा राहिला. बॉस्टन, हार्टफर्ड, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांतून अशा कित्येक जागा एका दिवसात जाऊन येण्यासारख्या आहेत.

लोक तिथे जातात ते बहुधा गंजलेली यंत्रं बघायला, आणि एकही खांब दिसला नाही की हिरमुसून परततात. मला यात फार मोठी गोष्ट निसटल्यासारखी वाटते. अशा ठिकाणी पाहायचं असतं ते जंगल. झाडं नीट वाचता आली, तर लोखंडाचा तुकडाही न सापडता सगळा स्की एरिया नजरेसमोर उभा राहतो: लिफ्ट कुठून जायची, उतार किती रुंद होता, गवत कापणं कधी थांबलं. सह्याद्रीत गडावर नुसत्या जोत्यावरून वाड्याचा अंदाज बांधणाऱ्याला हे काम लगेच जमेल, कारण नजर तीच लागते.

थोडा इतिहास, कारण तो जमिनीवर दिसतो

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या डोंगरांवर जंगल फारसं उरलंच नव्हतं. मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीला भाव आला होता, म्हणून उतारच्या उतार साफ करून कुरणं केली गेली. शेतातले दगड वेचून मैलोन् मैल गडगे रचले गेले. पुढे लोकरीचा भाव पडला, शेतकरी पश्चिमेकडच्या सपाट, सुपीक जमिनींकडे निघून गेले आणि झाडं परत आली. उरलेल्या काही कुरणांवर स्की आलं.

जानेवारी 1934 मध्ये व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकजवळ गिल्बर्ट यांच्या शेतात फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर दोर फिरवून लोकांना उतारावर ओढून नेण्यात आलं. अमेरिकेतला हा पहिला रोप टो. हातमोज्यांनी दोर धरायचा आणि स्कीवर उभं राहून वर सरकत जायचं. जुनं इंजिन, गाड्यांची चाकं आणि दोर एवढ्याच भांडवलावर हे जमत असल्याने दहा वर्षांत गावोगावी रोप टो झाले. मग टी-बार आले, म्हणजे केबलला टांगलेल्या उलट्या टी आकाराच्या दांडीला टेकून स्कीवरच वर सरकायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर चेअरलिफ्ट वाढल्या.

पडझडीची कारणंही समजून घ्यायला हवीत. कनेक्टिकटमधल्या मोहॉक माउंटनवर 1950 मध्ये यंत्राने बर्फ पाडून दाखवला गेला, आणि तिथून पुढे ज्याच्याकडे पाणी, पंप आणि पाइप टाकायला पैसा तोच टिकणार हे ठरत गेलं. 1973 च्या तेलसंकटात लांबून गाडी हाकत येणारं गिऱ्हाईक आटलं. 1977 मध्ये व्हरमाँटच्या स्ट्रॅटन रिसॉर्टवरच्या अपघाताच्या खटल्यात ज्युरीने 15 लाख डॉलर भरपाई ठरवली, पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि स्की एरियांचे विम्याचे हप्ते चढले. त्यात 1979-80 आणि 1980-81 हे लागोपाठचे दोन हिवाळे बर्फाविना गेले. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकला कृत्रिम बर्फ वापरावा लागला तो याच काळात. छोट्या मालकांनी त्यानंतर हात टेकले.

म्हणून या भागातल्या बऱ्याच उतारांवरची झाडं साधारण 40 वर्षांची निघतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पायरी 1: जागा निवडताना आधी मालक बघा

सुरुवात सार्वजनिक जमिनीवरूनच करा. पहिल्या फेरीसाठी माझी पसंती व्हरमाँटमधल्या हॉगबॅक माउंटनला आहे. ब्रॅटलबरो आणि विल्मिंगटनच्या मध्ये, रूट 9 वर, मार्लबरो गावाच्या हद्दीत हा डोंगर येतो. 1946 मध्ये स्की एरिया सुरू झाला, 1986 मध्ये बंद पडला. जवळच 1954 मध्ये माउंट स्नोसारखा मोठा रिसॉर्ट उघडला होता, त्याच्यापुढे छोट्या डोंगराचा टिकाव लागणं कठीणच होतं. जमीन आता गावाच्या मालकीची, संरक्षित आहे, पायी फिरायला खुली आहे, आणि स्वयंसेवकांनी काही जुने उतार मोकळे ठेवले आहेत. म्हणजे साफ ठेवलेला उतार आणि झाडीत गडप झालेला उतार शेजारी-शेजारी बघायला मिळतात, शिकणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. रस्त्याकडेच्या थांब्यावरून दक्षिणेला अफाट मोकळं दृश्य दिसतं, त्यामुळे भारतातून मुलांकडे आलेल्या आई-बाबांना चढायचं नसेल तरी त्यांची फेरी वाया जात नाही. लागूनच मॉली स्टार्क स्टेट पार्कमध्ये 2,415 फुटांच्या माउंट ओल्गावर जुना आग-टेहळणीचा लोखंडी मनोरा आहे. त्यावर चढायला परवानगी आहे.

न्यू हॅम्पशायरमध्ये पीटरबरोजवळचा टेंपल माउंटन 2001 मध्ये बंद झाला. तो नंतर राज्याने घेतला आणि वॉपॅक ट्रेल ही लांब पायवाट त्यावरूनच जाते. मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर सीमेवरचा माउंट वॉटॅटिक 1984 मध्ये थांबला, 2002 मध्ये संरक्षित झाला. बॉस्टनहून येणाऱ्यांना तो सगळ्यात सोपा. व्हरमाँटच्या दक्षिण टोकाला रेड्सबरोतला डच हिल राष्ट्रीय वनात आहे. तिथे फॉरेस्ट सर्व्हिसशी रीतसर ठरवून स्वयंसेवकांनी जुन्या उतारांवर झाडांमधून स्की करता येईल इतकी साफसफाई केली आहे.

याउलट ब्रोडी माउंटन घ्या. मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर भागातला, आयरिश थाटाचा, सेंट पॅट्रिक दिवसाला हिरवा बर्फ करणारा हा नावाजलेला स्की एरिया 2002 मध्ये बंद पडला. तिथली जमीन खाजगी आहे. रूट 7 वरून गाडी हळू चालवत उतारांचे पट्टे बघा आणि पुढे जा.

खाजगी जमिनीबाबत इथली रीत समजून घ्या. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमध्ये 'प्रवेश नाही' अशी पाटी नसलेल्या रानातून चालणं लोक पूर्वापार चालवून घेतात. मेनमध्ये झाडावरचा जांभळ्या रंगाचा उभा पट्टाही 'प्रवेश नाही' असंच सांगतो. पण पाटी नाही म्हणजे परवानगी आहे असं धरून चालू नका. गावाच्या कर-खात्याचे जमिनीचे नकाशे बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतात, त्यावर मालकाचं नाव सापडतं. पत्र लिहा, किंवा दिवसाउजेडी दार वाजवून विचारा. हेतू सांगितला की बरेच जण आनंदाने हो म्हणतात, वर एखादी गोष्टही ऐकवतात. व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक महत्त्वाचं: दुसऱ्याच्या जमिनीत घुसल्याबद्दल अटक झाली किंवा गुन्हा नोंदला गेला, तर तो दंडावर मिटत नाही, पुढच्या ग्रीनकार्डच्या अर्जात तो सांगावा लागतो. पाटी दिसली की मागे फिरा.

पायरी 2: घरबसल्या अर्धा शोध

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, आपले जुने नकाशे 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. एकाच भागाची 1940, 1960, 1980 च्या आसपासची आवृत्ती उतरवून घ्या. हिरव्या जंगलात पांढरे पट्टे म्हणजे झाडं तोडलेले उतार. त्यांच्या बाजूने सरळ बारीक रेघ आणि 'स्की लिफ्ट' किंवा 'स्की टो' अशी अक्षरं असतील. ज्या आवृत्तीत पट्टे पहिल्यांदा दिसतात आणि ज्या आवृत्तीत पुसट होतात, त्यांवरून काळाची चौकट मिळते. मात्र नकाशा छापायच्या कितीतरी वर्षं आधी पाहणी झालेली असते, तेव्हा कोपऱ्यातल्या बारीक तळटिपा वाचल्याशिवाय साल पक्कं करू नका.

त्यानंतर लायडार. विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीची उंची मोजतात, आणि संगणकावर झाडं काढून टाकून नुसती जमीन दाखवता येते. 'कॅलटोपो' या नकाशांच्या संकेतस्थळावर हा उंचसखलपणाचा थर आणि जुना नकाशा एकमेकांवर ठेवता येतात. सवय होईपर्यंत तो करड्या डागांचा गोंधळ वाटतो. तीन खुणा शोधत राहा. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेलेली, उंचसखलाची पर्वा न करणारी सरळ रेघ म्हणजे लिफ्टची ओळ. एका अंतराने उताराला तिरके छेद देणारे चर म्हणजे पाणी बाजूला काढायला खणलेले बांध, ते दिसले की तिथे बहुधा बुलडोझर फिरलेला उतार होता. आणि पायथ्याशी चौकोनी सपाट तुकडा म्हणजे लॉज किंवा गाड्यांचा तळ. मध्ये काटकोनात जाणाऱ्या बारीक वाकड्या रेघा दिसतील, त्या मेंढ्यांच्या काळातल्या गडग्यांच्या. न्यू हॅम्पशायरने तर लायडारवरून लोकांच्या मदतीने गडग्यांचा वेगळा नकाशाच तयार करायला घेतला आहे.

लिफ्टचा पायथा, माथा, लॉजची जागा आणि दोन-तीन बांध या खुणा फोनमधल्या नकाशावर टाचून ठेवा आणि नकाशा उतरवून घ्या. डोंगरात नेटवर्क मिळेल हे धरून चालू नका.

पायरी 3: वेळ

उन्हाळ्यात जाऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जुना उतार म्हणजे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि छातीएवढं नेचं. दहा फुटांपुढे काही दिसत नाही, आणि गोचिडींची लहान पिल्लं मे ते जुलै या काळात सर्वांत जास्त असतात.

उत्तम काळ दोन: ऑक्टोबरच्या अखेरीपासून पहिला बर्फ साचेपर्यंत, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यापासून पालवी फुटेपर्यंत. त्यातही एप्रिलमध्ये हिवाळ्यातल्या बर्फाने पालापाचोळा दाबून सपाट केलेला असतो, त्यामुळे काँक्रीट आणि केबल लवकर दिसतात. उलट पायवाटांवर चिखल असतो. व्हरमाँटमध्ये वितळत्या चिखलात वाटा खराब होऊ नयेत म्हणून त्या काळात काही ठिकाणी फिरायला बंदी असते, ती पाळा.

नोव्हेंबरमध्ये हरणांची शिकार चालू असते. व्हरमाँटचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या 12 दिवस आधीच्या शनिवारी सुरू होऊन 16 दिवस चालतो. प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या, त्या निघण्याआधी बघा. भडक केशरी जाकीट आणि टोपी प्रत्येकाला हवी, मुलांना आणि कुत्र्यालाही. तपकिरी, पांढरे कपडे नकोत. शिवाय घड्याळं एक तास मागे गेल्यावर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. दुपारी 2 ला जिथे असाल तिथून परतायला लागा.

पायरी 4: अंगावर आणि पाठीवर

घोट्यावर येणारे जाड तळाचे बूट, लांब पँट मोज्यात खोचलेली, जाड हातमोजे, डोक्यावरचा दिवा, कागदी नकाशा आणि होकायंत्र, पाणी, थोडा खाऊ. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे गोचिडी मारणारं औषध आदल्या दिवशी फवारून वाळवा. ते कातडीला लावायचं नसतं. एकट्याने जाऊ नका, आणि कुठे जातोय, कधी परतू हे घरी लिहून ठेवा.

पायरी 5: जंगल वाचणं

इथे घाई करू नका. गाडी लावल्यावर लगेच चढायला न लागता समोरच्या डोंगराकडे दहा मिनिटं बघत थांबा. पानगळ झाल्यावर करड्या जंगलातून माथ्याकडे गेलेला पांढरट पट्टा दिसतो. तो बर्चचा. कागदी बर्चला सावलीत वाढता येत नाही. त्याच्या बीला उघडी जमीन आणि भरपूर ऊन लागतं. म्हणून सारख्या जाडीचे बर्च ओळीने उभे असतील, तर ती जमीन कधीतरी एकदम उघडी पडलेली होती. त्यांच्यासोबत पॉपलर आणि पिन चेरी असतात. पिन चेरी जेमतेम 30-40 वर्षं जगते, त्यामुळे ऐंशीच्या दशकात सोडलेल्या उतारावर ती आता बहुतेक मरून पडलेली दिसेल.

उतारात शिरलात की कडेची झाडं शोधा. जुना मेपल किंवा बीच, आसपासच्या झाडांपेक्षा जाड, आणि त्याच्या खालच्या थोराड फांद्या फक्त एका बाजूला पसरलेल्या. दाट रानात वाढलेलं झाड फांद्या वर ठेवतं, खालच्या सुकून गळतात. एका बाजूलाच खालपर्यंत फांद्या असणं म्हणजे त्या बाजूला अनेक वर्षं ऊन होतं. ती उताराची बाजू. समोरच्या कडेला असंच झाड तुमच्याकडे फांद्या करून उभं असेल. दोघांमधलं अंतर पावलांनी मोजा, ती उताराची मूळ रुंदी. अरुंद, वळणावळणाची वाट असेल तर ती बहुधा 1930 च्या दशकातली, हातकुऱ्हाडींनी तोडलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकवरची थंडरबोल्ट वाट 1934 मध्ये सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी अशीच काढली होती. सरळ आणि ऐसपैस पट्टा असेल तर तो युद्धानंतरचा, बुलडोझरचा.

आता वय. यासाठी पांढरा पाइन शोधा: पाच-पाच सुयांचा झुबका असतो, धरला तर मऊ लागतो. हे झाड दर वर्षी शेंड्याकडे फांद्यांचा एकच घेर सोडतं, म्हणजे एका उंचीवर चारी बाजूंनी चार-पाच फांद्या, मग मोकळं खोड, मग पुढचा घेर. बुंध्यापाशी उभं राहून बोटाने साल चाचपत वर जा. फांद्या गळून गेल्या असल्या तरी त्यांच्या गाठींचं कडं सालीवर लागतं. हात पोचेनासा झाला की मागे सरकून नजरेने मोजा, दुर्बीण असेल तर फारच सोपं. अगदी तळचे घेर पुसलेले असतात, म्हणून मोजलेल्या आकड्यात 3-4 मिळवा. एका पाइनवर भिस्त ठेवू नका. उताराच्या मधल्या भागातले पाच-सहा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. तितक्या वर्षांत तरी इथे गवत कापलेलं नाही. हॉगबॅकच्या न कापलेल्या भागात हे करून पाहा आणि 1986 या सालाशी ताडून बघा. झाडाला कुठेही न दुखवता मिळालेलं हे साल मला कुठल्याही गंजलेल्या पाटीइतकंच मोलाचं वाटतं.

पायाखालीही लक्ष हवं. उताराला तिरकी जाणारी गुडघाभर खोल घळ आणि तिच्या खालच्या अंगाला मातीचा उंचवटा लागला, तर तोच लायडारवरचा बांध. गडगा आडवा आला तर त्याच्या बाजूने चालत राहा. जिथे त्याचे दगड दोन्हीकडे ढकलून सलग 30-40 फुटांची खिंड केलेली असेल तिथून स्कीचा उतार जात होता. बैलगाडीसाठी ठेवलेली वाट याहून कितीतरी अरुंद असते. मेंढपाळाचं काम आणि बुलडोझरचं काम एकाच जागी असं उघडं पडतं, आणि माझ्या लेखी सबंध फेरीतली ही सगळ्यांत सुंदर जागा.

पायरी 6: लिफ्ट कोणती होती?

खांब भंगारात गेलेले असले तरी जमीन उत्तर देते. टी-बार, पोमा (दांडीच्या टोकाची थाळी मांड्यांमध्ये धरून वर जायची लिफ्ट) आणि रोप टो यांत माणसाचे स्की जमिनीवरच राहतात, म्हणून त्या ओळीखालची जमीन भराव घालून, खड्डे बुजवून एकसारखी केलेली असते. चेअरलिफ्टमध्ये माणूस हवेत लटकतो, त्यामुळे ती ओळ मोठाले खडक आणि ओढे यांच्यावरून सरळ जाते. सरळ ओळ धरून वर चढा. पाय कुठेच अडखळला नाही तर टी-बार किंवा पोमा, धोंड्यांवर चढावं लागलं तर चेअरलिफ्ट.

रोप टोच्या खुणा वेगळ्या. माथ्यावर झाडाला बोल्टने ठोकलेली गाडीच्या चाकाची रिम, खाली पडक्या टपरीत जुन्या ट्रकचं इंजिन. उतरायच्या जागेच्या थोडं पुढे, झाडात रुतलेली बारीक तार दिसू शकते. कुणाचा कपडा दोरात अडकून तो माणूस पुढे ओढला गेला तर त्या तारेला धक्का लागून इंजिन बंद पडावं, अशी ती सोय होती.

चेअरलिफ्टच्या खांबांचे काँक्रीटचे चौथरे ठरावीक अंतरावर मिळतात, वर कापलेल्या बोल्टांची टोकं. दोन्ही टोकांना, जिथे केबल वळायची, तिथे माणसाच्या उंचीहून रुंद चाक असायचं, त्याला बुलव्हील म्हणतात. ते अजून जागेवर असेल तर नशीब. बाजूने पाइप आणि तोट्या दिसतात का बघा. त्या असतील तर मालकाने कृत्रिम बर्फावर खर्च केला होता. कुठेच नसतील तर बंद पडण्याचं एक कारण तुमच्यासमोरच आहे.

पाटी मिळाली तर तिचा आकार बघा. हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा ही आजची पद्धत 1968 पासूनची. हिरवा चौकोन किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ती 1964 ते 1968 या छोट्या काळातल्या पद्धतीची, म्हणजे दुर्मीळ. फोटो काढा, जागेवरून हलवू नका. राष्ट्रीय वनातून अशा जुन्या वस्तू उचलणं गुन्हा आहे, आणि खाजगी जमिनीवर ती चोरी आहे. शिवाय एकदा पाटी कुणाच्या तळघरात गेली की ती कुठल्या वळणावर होती हे कायमचं हरवतं.

पायरी 7: इथे पाय ठेवायचा नाही

उभ्या लिफ्टच्या खांबावर चढू नका, शिडी कितीही शाबूत दिसो. खुर्चीत बसून फोटो काढू नका. ब्रेक सुटलेला असेल तर भाराने केबल फिरू लागते. सर्वांत धोकादायक म्हणजे तोल सांभाळणारं वजन. केबल ताठ ठेवण्यासाठी टोकाच्या स्थानकात कित्येक टनांचा काँक्रीटचा ठोकळा टांगलेला असतो, कधी खड्ड्यात, कधी चौकटीत. ज्या दोरांवर तो लटकतोय ते कित्येक दशकांत कुणी तपासलेले नसतात. त्याच्या खाली किंवा जवळ जायचंच नाही.

पालापाचोळ्याखाली केबल पडलेली असते. तिचे तुटलेले तंतू सुईसारखे बुटातून आत जातात, म्हणून पाय ओढत चालू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या. लॉजच्या आत जाण्याचा मोह आवरा: कुजलेली फळी, ॲस्बेस्टॉस, उंदरांची लेंडी मिसळलेली धूळ, यातलं काहीही महागात पडतं. खिडकीतून बघा. जुन्या ट्रान्सफॉर्मरजवळ तेलकट डाग दिसला तर त्याला हात लावू नका. पायथ्याच्या सपाटीवर विहीर किंवा सांडपाण्याच्या टाकीचं कुजलेलं लाकडी झाकण गवताखाली असू शकतं, म्हणून तिथे काठीने चाचपत चाला. मुलं बरोबर असतील तर ती हातभर अंतरावर असू द्या.

पायरी 8: परत आल्यावर

घरात शिरताच कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर 10 मिनिटं फिरवा, गोचिडी मरतात. धुणं त्यानंतर. अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे, केसांत तपासा. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी यांतलं काही करू नका. लाइम रोगाचं नाव कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरूनच पडलं आहे, तेव्हा या भागात याकडे दुर्लक्ष नको. 24 तासांच्या आत गोचीड काढली तर धोका बराच कमी होतो. पुढच्या महिनाभरात ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना गोचिडीची तारीख सांगा.

दुसऱ्या दिवशी फोटो नकाशावर टाचा. प्रत्येक फोटोसोबत जागा, दिशा आणि काय मोजलं ते लिहा: चौथऱ्यांची संख्या, उताराची रुंदी, पाइनचे घेर. नाजूक आणि चोरी होण्यासारख्या वस्तूंचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नका. तो जमिनीच्या मालकाला आणि गावाच्या ऐतिहासिक संस्थेला कळवा. न्यू इंग्लंडमध्ये बहुतेक गावांना अशी संस्था असते, स्वयंसेवक चालवतात, आणि आठवड्यातून काही तासच ती उघडी असते, म्हणून आधी ईमेल करा. जाताना लायडारची आणि जुन्या नकाशाची मोठी छापील प्रत न्या, पडद्यावरचं चित्र दाखवण्यापेक्षा ती टेबलावर पसरणं बरं. मग तिथल्या वयस्कर मंडळींना 'स्की एरियाबद्दल सांगा' असं मोघम विचारू नका. बोट ठेवून विचारा: ही लिफ्ट कोण चालवायचं, या उताराचं नाव काय होतं, तिकीट कुठे मिळायचं, शेवटच्या हिवाळ्यात किती दिवस चाललं. उत्तरं त्याच प्रतीवर, त्या-त्या जागी, सांगणाऱ्याच्या परवानगीने लिहून घ्या आणि एक प्रत संस्थेकडे ठेवून या.